बाबांचा लेथ आणि घरचा सिंगल फेज

पर्वतीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला बाबांचा गाळा २०२२ च्या दिवाळीनंतर रिकामा केला. ड्रिलिंग मशीन, हॅकसॉ, ग्राइंडर, सगळं विकलं. साडेचार फुटी राजकोटी लेथ मात्र बाबा विकू देईनात, आणि मलाही तो परक्याच्या हाती जायला नकोच होता. टेम्पोतून तो धायरीला आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये आला. चौघांनी पाइपांवरून ढकलत भिंतीशी नेला आणि तिथे काम थांबलं. लेथची मोटर थ्री-फेज, २ एचपीची. घरचं कनेक्शन सिंगल फेज.

गल्लीतला वायरमन बघायला आला. "ताई, ही मोटर काढा, सिंगल फेजची बसवू. एका दिवसाचं काम," म्हणाला. बहुतेक ठिकाणी हाच सल्ला मिळतो आणि चांगल्या मोटरी भंगारात जातात. मी भोसरीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं वायरिंग आणि टेस्टिंग केलं आहे, म्हणून मी नाही म्हणाले. थ्री-फेज मोटरचा जोर पूर्ण फेऱ्यात एकसारखा असतो. सिंगल फेज मोटरचा जोर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि बारीक टर्निंग करताना ती थरथर कामावर उमटते. शिवाय त्या मोटरीत सेंट्रिफ्युगल स्विच असतो, म्हणजे मोटरने वेग धरला की सुरुवातीचं वाइंडिंग तोडणारा स्विच. लेथ दिवसात शंभरदा चालू-बंद होतो, त्या स्विचचे पॉइंट किती दिवस टिकणार? थ्रेड कापताना मोटर पटकन उलटी फिरवायची असेल तर तेही तिच्याने सहज होत नाही.

मी काय केलं ते पुढे क्रमाने लिहिते. मात्र एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आपण सगळे 'फेज कमी आहेत' म्हणून अडून बसतो. फेज बनवून देणारं उपकरण आज दुकानात मिळतं, त्याला ड्राइव्ह म्हणतात. खरी अडचण व्होल्टेजची आहे, आणि तिचं उत्तर मोटरच्या टर्मिनल बॉक्सच्या झाकणाखाली असतं. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि ते झाकण उघडा.

पण त्याच्याही आधी आपला मीटर बघा. पुण्यातल्या कितीतरी बंगल्यांना आणि मोठ्या फ्लॅटना आधीपासून थ्री-फेज मीटर असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. मीटरवर '३ फेज ४ वायर' असं छापलेलं असतं. तसं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि परवानाधारक ठेकेदाराकडून सरळ एक लाइन ओढून घ्या. नसेल तर महावितरणकडे थ्री-फेजसाठी अर्ज करता येतो. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो वाढवून घ्यावा लागतो. ५ एचपी किंवा त्याहून मोठी मोटर असेल, दोन-तीन मशीन एकदम चालवायची असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की अर्जच करा. मी केला नाही, कारण माझा लेथ आठवड्यातून चार-पाच तास चालतो. तेवढ्यासाठी खांबापासून केबल बदलणं आणि दरमहा जास्तीचा स्थिर आकार भरणं मला परवडणारं नव्हतं. आणखी एक. घरगुती मीटरवर लोकांची जॉबची कामं घेऊ नका. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर कारणाशिवाय केलेला वापर अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी महाग पडते. मी फक्त स्वतःची आणि घरची कामं करते.

काही जण शेजाऱ्याकडून दुसरा फेज आणायचं सुचवतात. एका घराला आर फेज, पलीकडच्याला वाय, म्हणजे वायर टाकली की झालं, असा त्यांचा हिशोब. हे कधीही करू नका. दोन मीटरांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळतात आणि तुमचा मेन बंद केला तरी तुमच्या घरात शेजारचा फेज जिवंत राहतो. शिवाय दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. एकाचा धक्का दुसऱ्याच्या चुकीमुळे बसेल. सोसायटीच्या लिफ्टच्या किंवा पंपाच्या मीटरवरूनही लाइन घेऊ नका.

आता टर्मिनल बॉक्स.

बाबांच्या मोटरच्या नेमप्लेटवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसला तेव्हा आकडे दिसले: २ एचपी, १.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ३.५ अँपिअर, १४३० आरपीएम, कनेक्शन स्टार. हा 'स्टार' शब्द वाचून मला हायसं वाटलं. मोटरीत तीन वाइंडिंग असतात. स्टारमध्ये तिन्हींची एकेक टोकं एकत्र बांधलेली असतात, म्हणून प्रत्येक वाइंडिंगला ४१५ मिळत नाहीत. ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४० व्होल्ट मिळतात. थोडक्यात, ४१५ ची म्हणून विकलेल्या या मोटरीतलं प्रत्येक वाइंडिंग मुळात २४० व्होल्टचंच आहे. तीच तीन वाइंडिंग डेल्टात, म्हणजे एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला अशा त्रिकोणात, जोडली की मोटर २३० ते २४० व्होल्टच्या थ्री-फेजवर पूर्ण ताकदीने चालते. घरच्या २३० व्होल्टवरून नेमकं तेवढंच व्होल्टेज आपण बनवू शकतो.

आपल्याकडे साधारण ३ एचपीपर्यंतच्या मोटरी स्टारमध्ये आणि त्यावरच्या डेल्टामध्ये बांधायचा प्रघात आहे. घरगुती लेथ, ड्रिलिंग मशीन, लाकडाचा प्लेनर, छोटी गिरणी या सगळ्यांच्या मोटरी बहुधा ३ एचपीच्या आतल्या असतात, म्हणून ही युक्ती बहुतेकांना लागू पडते. नेमप्लेटवर '४१५ डेल्टा' असेल तर मात्र थांबा. त्या मोटरला २३० व्होल्ट दिले तर ५५ टक्केच व्होल्टेज मिळतं, आणि जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटत असल्यामुळे तो जेमतेम ३० टक्के उरतो. अशी मोटर २४० डेल्टासाठी रिवाइंड करून घ्यावी किंवा २३० सिंगल फेज घेऊन ४१५ देणारा ड्राइव्ह शोधावा. तिसरा मार्गही आहे. ड्राइव्हला मोटर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे असं सांगून ती २७-२८ हर्ट्झच्या वर न्यायचीच नाही. तिथपर्यंत जोर पूर्ण मिळतो, फक्त वेग निम्मा होतो. हळू फिरणारं मशीन असेल तर हे चालून जातं.

झाकण उघडल्यावर सहा टर्मिनल आणि पितळी पत्त्या दिसल्या तर तुमचं नशीब थोर. टर्मिनलांवर यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि यू२, व्ही२, डब्ल्यू२ असं लिहिलेलं असतं. जुन्या मोटरींवर ए१, ए२ अशी खूण असते. स्टारमध्ये पत्त्या एका ओळीत आडव्या असतात. त्या काढून उभ्या बसवल्या, म्हणजे यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२ आणि डब्ल्यू१ ला व्ही२, की डेल्टा झाला. पाच मिनिटांचं काम.

बाबांच्या मोटरीतून तीनच वायरी बाहेर आल्या होत्या. स्टारचा सांधा आत, वाइंडिंगच्या दोरीखाली पुरलेला. अशा वेळी वाइंडरकडे जा. मी घोरपडे पेठेतल्या एका वाइंडरकाकांकडे मोटर नेली. ते बाबांच्या वयाचे. "पोरी, हे नवीन वाइंडिंग करून देऊ का?" असं त्यांनी आधी विचारलं, पण मी सांधा बाहेर काढायला सांगितल्यावर लगेच समजले. त्यांनी दोरी कापली, वार्निश खरवडून सांधा मोकळा केला आणि तीन टोकांना फायबर ग्लासच्या स्लीव्हमध्ये नव्या लीड जोडून सहाही टोकं बाहेर आणली. पुन्हा दोरी बांधली, वार्निश पाजलं, भट्टीत सुकवलं. तुम्हीही हे काम जाणत्या हाताकडून करून घ्या. जुनी तार कडक झालेली असते, ओढाओढीत इनॅमल उडालं तर पुढचं सगळं वाया जातं.

सहा टोकं हातात आली की कुठलं कोणाचं ते ठरवायचं. मल्टिमीटर ओहमवर ठेवून जोड्या शोधा. माझ्याकडे प्रत्येक वाइंडिंग साडेचार ओहमच्या आसपास आलं, तिन्ही सारखी. एखादं वेगळं आलं तर मोटर आजारी आहे असं समजा. मग प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट कुठला ते शोधायचं, कारण एक जरी वाइंडिंग उलटं जोडलं गेलं तर मोटर गुरगुरते, गरम होते आणि जोर धरत नाही. त्यासाठी पहिल्या वाइंडिंगचं एक टोक दुसऱ्याच्या एका टोकाला जोडा. राहिलेल्या दोन टोकांना २४ व्होल्ट, २ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरचे एसी व्होल्ट द्या. घरचे २३० व्होल्ट देऊ नका. तिसऱ्या वाइंडिंगवर मल्टिमीटर लावा. जवळजवळ शून्य आलं तर तुम्ही दोन सारखी टोकं जोडली आहेत, म्हणजे शेवट-शेवट किंवा सुरुवात-सुरुवात. काही व्होल्ट आले तर एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडला गेला आहे. टोकांना चिकटपट्टीच्या खुणा करा, मग तिसऱ्या वाइंडिंगसाठी हेच पुन्हा करा. मला ही तपासणी फार आवडते. दहा मिनिटांत मोटर स्वतःच आपली रचना सांगते.

शेवटी मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचा मीटर. ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये निदान १ मेगाओहम यायला हवं. गाळ्यात दोन पावसाळे पडून राहिलेल्या या मोटरीत पहिल्या दिवशी तेवढंही आलं नव्हतं. बाजूची प्लेट उघडून आत १०० वॅटचा पिवळा बल्ब सोडला, वर गोणपाट टाकलं आणि रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा निर्धास्तपणे वर गेला. बल्ब गोणपाटाला टेकू देऊ नका आणि रात्रीतून एक-दोनदा उठून बघा.

एवढं झालं की ड्राइव्ह. बाजारात याला व्हीएफडी किंवा एसी ड्राइव्ह म्हणतात. आत तीन टप्पे असतात. घरच्या २३० एसीचं आधी डीसी होतं, कपॅसिटरांवर साधारण ३२५ व्होल्ट साठतात. मग सहा इलेक्ट्रॉनिक स्विच त्या डीसीचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून तीन नवे फेज घडवतात, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे. वनाज-रामवाडी मेट्रोचं तत्त्वही हेच आहे. वर तार एकच, २५ हजार व्होल्ट सिंगल फेज, आणि डब्याखाली मोटरी थ्री-फेज. कर्वे रोडवरून मेट्रो सुटताना जो चढता सूर ऐकू येतो, तो अशाच स्विचिंगचा. जुन्या डब्ल्यूएजी-५ सारख्या रेल्वे इंजिनांमध्ये एका फेजचे तीन करायला आर्नो कन्व्हर्टर नावाचं फिरतं यंत्र असायचं.

ड्राइव्ह निवडताना एचपी बघू नका, अँपिअर बघा. माझी मोटर स्टारमध्ये ३.५ अँपिअर घेत होती. डेल्टात ते १.७३ पट झाले, म्हणजे ६ अँपिअर. १.५ किलोवॅटचा जो ड्राइव्ह मी घेतला त्याचं आउटपुट ७ अँपिअर आहे. एअर कॉम्प्रेसर किंवा गिरणी असेल, जिथे मशीन भरल्या ओझ्याने सुटतं, तिथे एक माप मोठा घ्या. डब्यावर 'इनपुट १ फेज २००–२४०, आउटपुट ३ फेज' असं स्पष्ट छापलेलं असलंच पाहिजे. तपकीर गल्लीत मला एका दुकानदाराने थ्री-फेज इनपुटचा ड्राइव्ह 'सिंगलवर पण चालतो' म्हणून दाखवला. असा ड्राइव्ह चालवायचा तर तो मोटरीच्या मानाने बराच मोठा घ्यावा लागतो, आणि ४०० व्होल्ट वर्गातला असेल तर २३० वर तो सुरूच होत नाही. मी तो घेतला नाही.

घराच्या बाजूने विचार केला तर ड्राइव्ह विजेचा घोट टोचून टोचून घेतो. सरळ हिशोबाने १.५ किलोवॅटला आठ-नऊ अँपिअर वाटतात, पण पूर्ण ओझ्यावर इनपुट १४-१५ अँपिअरपर्यंत जातं. म्हणून गीझरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर हे काम करू नका. मेन बोर्डापासून ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन घेतली, त्यावर २० अँपिअरचा डबल पोल, सी कर्व्हचा एमसीबी टाकला. ही लाइन मी स्वतः टाकू शकले असते, तरी परवानाधारक ठेकेदाराकडून टाकून घेतली, कारण मेन बोर्डातलं काम आणि त्याचा कागद दोन्ही नीट हवे असतात. ३ एचपीच्या वर घरच्या सिंगल फेजवर जाऊ नका असं मी म्हणते ते याच अँपिअरमुळे.

अर्थिंगबद्दल मी जरा अधिक लिहिणार आहे, कारण याच ठिकाणी पुण्यात लोक फसतात. आपल्या खाली काळा पाषाण आहे. मातीचा थर कमी, आणि मार्चपासून तीही कोरडी ठणठणीत. बिल्डरने दिलेल्या अर्थिंगचा रोध मी मीटरने मोजला तर २३ ओहम आला. नवा खड्डा घेतला, जीआय पाइप उतरवला, भोवती बेंटोनाइटचा भराव घातला, वर पाणी घालायला झाकण ठेवलं. आता ४ ओहमच्या आत येतो आणि उन्हाळ्यात दर पंधरवड्याला मी तिथे दोन बादल्या पाणी ओतते. ड्राइव्हमधल्या फिल्टरमधून थोडा करंट सतत अर्थमध्ये जात असतो. अर्थ तुटलेली असेल तर तो करंट लेथच्या बॉडीवर येऊन बसतो, आणि लेथला हात लावून तर आपण दिवसभर काम करतो.

याच गळतीमुळे पहिल्या आठवड्यात माझी आरसीसीबी, म्हणजे अर्थमध्ये करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, वारंवार पडायची. घरच्या ३० मिलिअँपिअरवाल्या एकाच आरसीसीबीवर फ्रिज, इन्व्हर्टर आणि आता ड्राइव्ह. "बायपास करून टाका," असं सुचवणारे दोघे भेटले. ती माणसाचा जीव वाचवणारी वस्तू आहे, ती काढून टाकायची नसते. मी ड्राइव्हच्या लाइनला वेगळी आरसीसीबी दिली, टाइप एफची, जी सिंगल फेज इन्व्हर्टरच्या करंटसाठीच बनवलेली असते. साधी टाइप एसी अशा करंटला नीट ओळखत नाही. ड्राइव्ह ते मोटर केबल शील्डवाली घेतली आणि दीड मीटरवर आणली. मग ट्रिपिंग थांबलं.

जोडणी अशी आहे. एमसीबीतून फेज आणि न्यूट्रल ड्राइव्हच्या इनपुटला, ड्राइव्हच्या आउटपुटचे यू-व्ही-डब्ल्यू मोटरला, मोटरच्या बॉडीची अर्थ थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलला आणि तिथून बोर्डाला. लाइट चुकून यू-व्ही-डब्ल्यूवर गेली तर ड्राइव्ह त्या क्षणी जळतो. वायर आवळण्यापूर्वी दोनदा वाचा. आणि ड्राइव्ह बंद केल्यावर डिस्प्ले विझला तरी दहा मिनिटं आत हात घालू नका. ते ३२५ व्होल्ट कपॅसिटरांत बसलेले असतात.

सगळ्यात जास्त ड्राइव्ह ज्या चुकीने जातात ती म्हणजे ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये ठेवलेला स्विच. आमच्या कारखान्यात परत येणाऱ्या ड्राइव्हमध्ये हे कारण मी कितीदा पाहिलं आहे. लेथला मुळात फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच असतो. लोक तो तसाच ठेवतात, चालू मोटर त्यावरून तोडतात, आणि ड्राइव्हच्या आतले इलेक्ट्रॉनिक स्विच फुटतात. मोटरला वायर सलग जायला हवी, मध्ये काहीही नको. पण बाबांचा हात त्या ड्रम स्विचच्या दांडीला चाळीस वर्षं सरावलेला. म्हणून मी तो ठेवला, फक्त त्यातून पॉवर न नेता ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलांच्या बारीक वायरी नेल्या: कॉमन, फॉरवर्ड, रिव्हर्स. दांडी तीच, खाली २४ व्होल्टचा इशारा. संपर्क जुने असल्याने कधी कधी इशारा पोचत नव्हता, म्हणून ते बारीक पॉलिश पेपरने साफ केले.

हेडस्टॉकजवळ लाल मशरूम बटण लावलं आहे. ते दाबलं की रन सिग्नलही तुटतो आणि इनपुटचा कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) उघडून ड्राइव्हची लाइटही तुटते. आणि पॅरामीटरमध्ये एक गोष्ट विसरू नका: लाइट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, आपण चहाला आत जातो, दांडी फॉरवर्डलाच राहते. लाइट आली आणि चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यात, चावी तशीच असली तर काय होईल? प्रत्येक ड्राइव्हमध्ये हे रोखणारा पॅरामीटर असतो. तो लावा आणि दांडी फॉरवर्डला ठेवून, मेन बंद-चालू करून स्वतः तपासा.

बाकी पॅरामीटर मी असे ठेवले आहेत. मोटर व्होल्टेज २३०, करंट ६, फ्रिक्वेन्सी ५०, वेग १४३०. हे भरून ऑटोट्यून करून घ्या, म्हणजे ड्राइव्ह मोटर स्वतः मोजून घेतो. सुटायला ५ सेकंद, थांबायला ८. कमीत कमी २० हर्ट्झ, जास्तीत जास्त ६०. कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ड्राइव्ह डीसीचे तुकडे करतो तो वेग, ४ किलोहर्ट्झवर असताना मोटर शिट्टीसारखी वाजते, ती ८ वर नेली तेव्हा आवाज खाली आला. मात्र ती जितकी वाढवाल तितकी ड्राइव्हची गर्मी आणि अर्थमधली गळती वाढते, तेव्हा उगाच १५ वर नेऊ नका.

थांबण्याची वेळ फार कमी करू नका. जड चक थांबवताना मोटर उलट वीज तयार करते, डीसीचं व्होल्टेज चढतं आणि ड्राइव्ह 'ओव्हरव्होल्टेज' दाखवून ट्रिप होतो. लवकर थांबवायचंच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लावता येतो. पण चक आट्यावर बसणारा असेल, जसा आमचा आहे, तर जोरात ब्रेक लावल्यावर किंवा झटक्यात रिव्हर्स केल्यावर तो उघडून हातावर येऊ शकतो. आठ सेकंद थांबायला कोणाचंही काही अडत नाही.

वेग नॉबवर आला म्हणून बेल्ट बदलायचं सोडू नका, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. २५ हर्ट्झवर मोटरची ताकद निम्मी होते. बेल्ट मोठ्या पुलीवर नेऊन वेग कमी केला तर जोर वाढतो. नॉबने कमी केला तर जोर तेवढाच राहतो. मोठ्या व्यासाचा जॉब असेल तर आधी बेल्ट किंवा बॅक गिअर, मग नॉब. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने कमी वेगात हवाही कमी मिळते. २० हर्ट्झवर अर्धा तास काम केलं तर बॉडीवर हात ठेवून बघा. हात ठेवता आला नाही तर थांबा किंवा बाहेरून एक छोटा पंखा लावा.

कपॅसिटरच्या जुगाडाबद्दलही लिहायला हवं, कारण नारायणगावला माझ्या चुलतभावाची कडबा कुट्टी त्यावरच चालते. तिकडे त्याला कंडेन्सर म्हणतात. डेल्टात जोडलेल्या मोटरच्या दोन टोकांना घरची लाइट आणि तिसऱ्या टोकाला कपॅसिटरमधून तिसरा फेज. याला स्टाइनमेट्झ जोडणी म्हणतात. २३० व्होल्टला साधारण दर किलोवॅटमागे ७० मायक्रोफॅरड धरायचे, म्हणजे २ एचपीला १०५, आणि सुटण्यापुरते तेवढेच जास्तीचे, जे लगेच बाजूला झाले पाहिजेत. कपॅसिटर ४४० व्होल्ट एसीचा, मोटर रनचाच हवा, आणि त्यावर डिस्चार्जचा रेझिस्टर हवा. ताकद दोन-तृतीयांशच मिळते, आणि हिशोब एकाच ओझ्याला नीट बसतो. कडबा कुट्टीला ते चालतं. लेथवर ओझं क्षणाक्षणाला बदलतं, मोकळा फिरतानाही मोटर तापते. लेथला मी तो लावणार नाही.

पुढची काळजी थोडकी आहे. ड्राइव्ह लेथच्या मागे लावू नका. लोखंडाचा बारीक बुरा आत गेला की शॉर्ट. मी तो भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर, पत्र्याच्या पेटीत लावला आहे. हवेच्या जाळीला फिल्टर, आणि केबलच्या प्रत्येक छिद्राला ग्लँड, कारण ऊब शोधत पाली आत शिरतात. पहिल्या महिन्यानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळले, तीन सैल निघाले. पावसाळ्यात लेथ चालवायचा नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर ड्राइव्हला लाइट देते.

पहिल्यांदा मशीन सुरू केलं तेव्हा बाबा खुर्ची आणून बसले होते. त्यांनी हेडस्टॉकवर तळहात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, "बेअरिंगला तेल घाल. बाकी बरोबर आहे."

आणि जे मी सगळ्यात शेवटी केलं ते तुम्हीही नक्की करा. ही मोटर आता २४० डेल्टा आहे, पण नेमप्लेट अजून ४१५ म्हणते. उद्या कोणी हा लेथ पुन्हा एखाद्या गाळ्यात नेला आणि प्लेट वाचून तीन फेज सरळ जोडले, तर प्रत्येक वाइंडिंगला पावणेदोन पट व्होल्टेज जाईल आणि मोटर पेटेल. म्हणून टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर, आतून आणि बाहेरून, लाल ऑइल पेंटने लिहिलं आहे: '२४० व्होल्ट डेल्टा. ४१५ जोडू नये. जोडायचे असल्यास पत्त्या स्टारमध्ये कराव्यात.' बाहेरची ओळ बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिली.